पहाऱ्याचे तास

"माझा नवरा म्हणतो, तुझा ठिपका बिघडलाय. मी म्हटलं, ठिपका धड आहे हो, तुम्हाला आकडा बघवत नाही एवढंच."

रांगेत माझ्या पुढं उभी असलेली बाई हे कुणालाच उद्देशून बोलत नव्हती. कानामागं बोटानं खाजवत होती आणि पुटपुटत होती. तिच्या पिशवीतून शेपूची जुडी बाहेर डोकावत होती. "दर पंधरवड्याला यायचं आणि बघायचं, किती तास भरले. बघून काय करू? कमी करायला येणारे का कोण? आता इथं उभी आहे, तेसुद्धा मोजत असेल मेला."

"मोजतो," मी म्हटलं.

ती मागं वळली. "तुमचे किती?"

"पहिल्यांदाच आलेय. आता कळेल."

"कळून घेऊ नका," ती म्हणाली आणि पुढं सरकली.

मी ऐकलं नाही. मला कळून घ्यायचंच होतं, कारण मला नोकरी लागली होती. एक्कावन्नाव्या वर्षी, सव्वीस वर्षांच्या खंडानंतर. कऱ्हाडच्या श्रमगणना केंद्राचा एक शिक्का मिळाला की पुढच्या सोमवारी मी दूध संघात हजर होणार होते. येताना पेढेसुद्धा घेऊन आले होते.

खिडकीपलीकडं अल्फिया बागवान नावाची मुलगी बसली होती. माझ्या ईश्वरीच्या वयाची असेल. तिनं माझ्या कानामागच्या ठिपक्यासमोर वाचक, म्हणजे तास वाचायचं यंत्र, धरला, स्क्रीनकडं पाहिलं आणि तिचा चेहरा डॉक्टर लोक करतात तसा झाला.

"काकू, शिक्का देता येत नाही."

"का?"

"तुम्ही आधीच कामावर आहात."

"मी? कुठं?"

तिनं पुन्हा एकदा स्क्रीनकडं पाहिलं, जणू पत्ता चुकला असेल तर दुरुस्त करावा. मग हळूच म्हणाली, "घरी."

*

ठिपक्याची गोष्ट थोडी मागून सांगायला हवी.

कुठल्या देशात किती बायका कामाला जातात, किती म्हातारे जातात, याचे आकडे पूर्वीपासून निघत आलेत आणि ते कधीच एकमेकांशी जुळत नाहीत. एका देशात साठी उलटलेली बाई मजेत ट्राम चालवते, दुसऱ्या देशात अठ्ठावन्नाव्या वर्षी धडधाकट माणसाला शाल-नारळ देऊन सोफ्यावर बसवतात. एकीकडं पोर सहा महिन्यांचं झालं की सरकारच त्याला सांभाळतं, दुसरीकडं त्या पोराची आजी सांभाळते. निवृत्तीचे कायदे, पाळणाघरं, शाळांच्या वेळा, रीतिरिवाज, अशी शंभर कारणं. पण एक कारण कुठल्याच अहवालात नीट लिहिलेलं नसायचं. ते मी डोळ्यांनी पाहिलंय. गणनेचा माणूस आमच्या दारात आला आणि विचारता झाला, "घरात कामाला कोण कोण जातं?" माझे सासरे म्हणाले, "मी आणि पोरगा. सून घरीच असते, काही करत नाही." त्या वेळी मी त्या माणसासाठी चहा घेऊन बाहेर येत होते. मीसुद्धा मान डोलावली. देशाचा आकडा असा दारात उभ्या उभ्या खाली येतो.

म्हणून ठरलं, की माणसांना विचारायचंच नाही, अंगाला विचारायचं. सगळ्या देशांत मनगटी पट्टे वाटले गेले. हृदयाचे ठोके, स्नायूंमधली वीज, घाम, सगळं मोजणारे. वर्षानं निकाल आला, आणि आमच्या बायका पुन्हा जगात तळाशी! माझी ईश्वरी डब्लिनला याच प्रकल्पात आकडे चाळायच्या कामावर होती. तिचा फोन आला, "आई, रोज सकाळी सहा ते दहा तुझं हृदय बंद असतं. काय करतेस काय?"

"फ्रिजवर असतं," मी म्हटलं.

"काय?"

"अगं, कणीक मळताना काढून ठेवते. घड्याळ नाही का काढत? मग भांडी, मग धुणं. घालायचं राहूनच जातं."

देशभर हेच झालं होतं. आम्ही बायकांनी कामाच्या वेळी पट्टा काढून ठेवला आणि दुपारी जरा टेकल्यावर आठवणीनं घातला. आणि पुरुष मंडळी पट्टा घालून सकाळची चक्कर मारत होती, बॅडमिंटन खेळत होती. यंत्रानं ते सगळं श्रमात धरलं. आमचे हे, म्हणजे संग्राम, त्या वर्षी कागदोपत्री हमाल होते.

मग ठिपका आला. टिकलीएवढा, कानामागं चिकटवायचा, कणकेच्या हातांच्या वाटेत न येणारा. आणि त्याच्यासोबत आली पहाऱ्याची लहर.

ती सापडली होती अग्निशमन दलाच्या जवानांवर. झोपेचा अभ्यास करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंच्या लक्षात आलं, की जवान घरी झोपतो तेव्हा त्याचा सगळा मेंदू झोपतो. पण ठाण्यात झोपतो तेव्हा एक कोपरा जागा असतो, कान टवकारून बसलेला. झोपेच्या संथ लाटेवर एक बारीक थरथर चढलेली असते. त्या थरथरीला साखर लागते, हृदयाला ती ओझं होते, वर्षानुवर्षं राहिली तर माणूस झिजतो. जवानांची संघटना कोर्टात गेली. आम्ही नुसते पडून नसतो, आमचा मेंदू राबत असतो, असं म्हणाली. जिंकली. पहाऱ्याचे तास हे कामाचे तास, असं जगभर मान्य झालं.

आणखी कोण कोण असं झोपतं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

ठिपके लागले आणि आमच्या देशातल्या पंचेचाळीस ते साठ वयाच्या बायका जगात पहिल्या आल्या. चौकाचौकांत फलक लागले. महिला रोजगारात देश अव्वल! फलकावर हसणारी बाई होती, तिच्या हातात लॅपटॉप होता. दुसऱ्याच महिन्यात पाळणाघरांचं अनुदान बंद झालं, कारण बायका कामाला लागाव्यात म्हणून ते होतं आणि बायका तर लागलेल्याच होत्या. पाठोपाठ कायदा आला. चांगल्या मनानं केलेला कायदा होता, हे मी आजही म्हणते. कुणाही माणसाचे आठवड्याचे एकूण तास साठच्या वर जातील अशी नेमणूक कुणी देऊ नये. माणसं राबून मरू नयेत म्हणून.

*

"दूध संघाचे तुमचे वीस तास," अल्फिया सांगत होती. "म्हणजे आधीचे चाळीसच्या आत पाहिजेत. तुमचे एकाहत्तर आहेत."

"एवढे? मी करते काय एवढं?"

"हातापायांचे निम्मेच आहेत. बाकी पहारा. झोपेतसुद्धा चालू आहे. घरी कुणी आजारी असतं का?"

"सासूबाई. गुडघ्यांनी उठता येत नाही. रात्री दोनदा न्यावं लागतं."

"दोन महिने मुदत लिहिते," ती म्हणाली. "कुणीतरी थोडा भार घ्यायला हवा, काकू. पण खरोखर घ्यायला हवा. नुसतं 'मी आहे' म्हणून ही लहर उतरत नाही. जवानांचं बघितलंय ना, दुसरा जवान येऊन बसला तरी पहिल्याची लहर लगेच उतरत नाही. त्या दुसऱ्याची चढली, की मग उतरते. कसं कळतं मेंदूला, ते अजून नीट माहीत नाही. श्वासावरून कळत असेल, पावलांवरून कळत असेल. पण फसत नाही तो."

पेढ्यांचा डबा मी तिथंच तिच्या टेबलावर ठेवून आले. घरी काय म्हणून नेणार?

ही नोकरी काही फार मोठी नव्हती. नाकाची नोकरी होती. दुधाची फॅट, पाणी, भेसळ, सगळं यंत्रं बघतात. पण वासाच्या बाबतीत यंत्रं अजून चकतात, म्हणून संघाला चार नाकं हवी होती. लग्नाआधी आणि नंतर ईश्वरी होईपर्यंत मी संकलन केंद्रावर हेच करायचे. म्हशीनं उसाचं वाडं खाल्लंय की कडवळ, कॅन नीट धुतलाय की नाही, झाकण उघडताक्षणी सांगायचे. परीक्षेच्या दिवशी माझ्यासमोर काचेचे सहा पेले ठेवले होते. तिसऱ्या पेल्याशी मी थांबले आणि म्हटलं, "या म्हशीला कुणीतरी मुळ्याचा पाला घातलाय." टेबलापलीकडचे तिघे एकदम हसले, कारण तो पेला त्यांनी मुद्दामच ठेवला होता. सव्वीस वर्षं फोडणीच्या धुरात बसून माझं नाक जिवंत राहिलं होतं. त्या दिवशी मी दत्त चौकातून घरापर्यंत चालत आले आणि वाटेत वास घेत आले. ओली वाळू, बेकरीतली खारी, कुणाच्या तरी गाडीचं जळकं रबर. मला सगळं पुन्हा हवं होतं.

*

घरी सगळे इतके चांगले वागले की मला रडू आलं.

"अगं, जा की!" संग्राम म्हणाले. पाटबंधारे खात्यातून गेल्या वर्षी निवृत्त झाले होते. त्यांच्या ठिपक्याचे आठवड्याचे तास चार निघाले होते. बॅटरी गेली असेल म्हणून त्यांनी दोनदा बदलून घेतला. दुसऱ्यांदा तीन निघाले. "मी कधी अडवलंय तुला? स्वयंपाक मी बघतो. त्यात काय एवढं."

"जा बाई," खाटेवरून आत्या म्हणाल्या. आमच्याकडं सासूला आत्या म्हणायची पद्धत आहे. "माझं काय, मी नुसती पडून असते. तुझं आयुष्य गेलं चुलीपाशी."

डब्लिनहून ईश्वरी पडद्यावर आली, ती तर भांडायलाच. "आई, तू जायचंच! बाबा, तुम्ही शिका जरा. माझी घरमालकीण सत्तरीची आहे, मिसेस कीन. ट्राम चालवते. तिचा नवरा पाव भाजतो, इस्त्री करतो. तुम्ही अजून साठीचेसुद्धा नाही!"

"पाव भाजणं सोपं असतं," संग्राम म्हणाले. "भाकरी करून दाखव म्हणावं."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. मला आतल्या खोलीत बसवलं, हातात मासिक दिलं, दार लोटलं.

"अगं, मोहरी कुठाय?"

"डाव्या हाताला, निळ्या झाकणाचा."

"निळ्या झाकणाचे तीन आहेत!"

"पुढचा."

"यात मेथ्या आहेत गं... बरं, हळद एक चमचा म्हणजे कुठला चमचा? चहाचा की तो मोठा?... अगं, हे करपल्यासारखं का दिसतंय?... येऊ नकोस! मी आहे! फक्त एवढं सांग, गॅस कमी करायचा की बंद?"

मंडईतून ते पाच फोन करायचे. आत्यांची गोळी द्यायची वेळ मी आठवण करून दिली की पाळायचे. पंधरवड्यानं मी केंद्रावर गेले तर आकडा वाढलेला.

"हातापायांचे उतरलेत," अल्फिया म्हणाली. तिला हसू येत होतं आणि ती ते दाबत होती. "पहारा चढलाय. पूर्वी तुम्ही भाजी करायचा. आता भाजी करणाऱ्यावर पहारा देताय."

संग्रामना मी हे सांगितलं, तेव्हा ते दुखावले. "म्हणजे करूनही चूक. मग तो ठिपका माझ्या कानामागं लाव दोन आठवडे. संपला प्रश्न."

"त्याला माणूस ओळखू येतो हो."

"मग तू इथून जा कुठंतरी. साताऱ्याला जा ताईकडं. आठ दिवस आराम कर, सगळं आपोआप उतरेल. आईकडं मी बघतो. ती काय फक्त तुझी सासू आहे? माझी आई आहे."

हे मात्र खरं होतं. मी गेले.

ताईनं मला काडी उचलू दिली नाही. मी खाल्लं, लोळले, अजिंक्यताऱ्यावर चढून आले. रोज संध्याकाळी संग्रामचा फोन यायचा. "सगळं मस्त चाललंय. आईनं आज दोडका खाल्ला, बोल." मागून आत्यांचा आवाज यायचा, "मस्त आहे बाई, काळजी करू नको." मी खरंच करत नव्हते. निदान मला तसं वाटत होतं.

परत आल्यावर अल्फियानं वाचक धरला आणि मग पुन्हा एकदा धरून पाहिला.

"उतरले?" मी विचारलं.

"काकू, साताऱ्यात तर रात्रभर चालू होता. घरी असता त्यापेक्षा जास्त."

"पण मी झोपले होते! चांगली झोपले होते."

"तुम्ही झोपला होता." तिनं स्क्रीन माझ्याकडं वळवला. एका घरातल्यांचे ठिपके एकाखाली एक दिसतात. वरची रेघ माझी होती, थरथरत रात्र ओलांडून गेलेली. तिच्याखालची सपाट, शांत, तळ्यासारखी. "ही काकांची. एकाही रात्री चढली नाही. वाईट वाटून घेऊ नका, बहुतेकांची अशीच असते."

"आणि ही तिसरी?"

तिसरी रेघ माझ्याहून जास्त थरथरत होती.

"आजींची," अल्फिया म्हणाली. "तुम्ही नव्हता त्या दिवसांतली. त्या स्वतःच स्वतःवर पहारा देत होत्या."

कायद्यानं पाहिलं, तर त्या आठवड्यात ऐंशी वर्षांच्या बाईला पूर्णवेळ नोकरी लागली होती.

घरी आल्यावर मी आत्यांच्या गुडघ्यांना तेल लावायला बसले. संग्राम कट्ट्यावर गेले होते.

"आत्या, मी नव्हते तेव्हा रात्री यांना उठवलंत ना?"

"उठवलं की."

"आत्या."

त्या भिंतीकडं बघत राहिल्या. गुडघा माझ्या हातात होता, ऊन ऊन, आल्याच्या तुकड्यासारखा गाठाळ. "त्याची झोप लहानपणापासनं गाढ आहे गं," त्या म्हणाल्या. "हाका मारून काय करायचं? मी संध्याकाळनंतर पाणीच प्यायले नाही. मग लागत नाही जायला."

मी तेल लावत राहिले.

*

मुदत संपायच्या आदल्या रविवारी ईश्वरीचा फोन आला. पडदा आत्यांच्या खाटेसमोर लावला होता, म्हणजे त्यांनाही दिसेल. ईश्वरीच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला आधीच कळलं.

"कितवा?" मी विचारलं.

"तिसरा," ती म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली. संग्रामनी उठून पडद्यालाच हात लावला. आत्यांनी दोन्ही हातांनी दृष्ट काढून कानशिलावर बोटं मोडली, एवढ्या लांबून. पाच मिनिटं आमचं घर नुसतं भरून वाहत होतं.

मग ती डोळे पुसत म्हणाली, "आई, एक विचारू? तुझ्या नोकरीचं तसंही जमत नाहीये ना... मग येशील का इथं? सहा महिने. फार तर आठ. इथं पाळणाघराची रांग दीड वर्षाची आहे गं. आणि मी काम सोडलं तर परत घेणार नाहीत मला. बाया सोडतात आणि सोडलेल्याच राहतात, मी रोज तेच आकडे बघते."

"मिसेस कीन?" मी विचारलं.

"ती कशी येईल? तिची ट्राम असते."

"हो. ट्राम असते." मी म्हटलं. "मी तिथं आले, तर माझे तास कुठल्या देशात धरतात गं? तुझ्या की माझ्या?"

हिशेबात ती पक्की होती, उत्तर तिला माहीत होतं. "तू व्हिजिटर असशील, आई," ती म्हणाली. "व्हिजिटरचे धरत नाहीत."

"म्हणजे तू कामावर दिसशील. मी नाही."

"आई, असं बोलू नको ना. मी तर पहिल्यापासून म्हणत होते, तू नोकरी कर. मी कधी अडवलं?"

"कुणीच अडवलं नाही," संग्राम घाईघाईनं म्हणाले. "आपल्या घरात कुणी अडवलंय का हिला? मी स्वयंपाक केला. साताऱ्याला पाठवली. आता ते यंत्रच खोटारडं, त्याला आपण काय करणार? कायदाच मुळात चुकीचा आहे. बाईच्या मायेला तास म्हणतात! सरकारला कुणीतरी जाब विचारला पाहिजे. मी तर म्हणतो, पुढच्या वर्षी बघू. ईश्वरीचं बाळंतपण होऊ दे, तोवर कायदा बदलेल. नोकऱ्या काय, पुन्हा निघतील."

"हो ना, पुढच्या वर्षी," ईश्वरी म्हणाली.

दुधाचं पातेलं गॅसवर होतं आणि ते उतू जायच्या आधी करपल्यासारखा एक बारीक वास येतो, तो मला आला होता. दुसऱ्या कुणालाच आला नव्हता. मी उठायला लागले.

"बस खाली," आत्या म्हणाल्या.

"आत्या, दूध..."

"जाऊ दे उतू. बस." त्या उशीवर कोपर टेकवून कशाबशा उठल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना स्वतःहून उठताना पाहिलं नव्हतं. "संग्राम, त्या ठिपक्याला शिव्या देऊ नको. सरकारला पण देऊ नको. ठिपका खरं बोलतोय. हिनं जाऊ नये असंच आपल्याला वाटतं. तुला वाटतं. या पोरीला वाटतं, फक्त तिला ही तिच्या घरी हवी. आणि सगळ्यात जास्त मला वाटतं."

"आई, काहीतरीच काय..."

"थांब. बोलू दे." त्या माझ्याकडं बघत होत्या. "मी रोज हिला तोंडानं म्हणते, जा बाई. आणि ही पाठमोरी झाली की रोज देवाला सांगते, हिचे तास कमी होऊ देऊ नको."